एकच फोन आणि चाळीस मुलं: वर्गातले ऑनलाइन खेळ नेमके कुठे कामाला येतात?

खडूची_धूळ

जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीला गणित आणि विज्ञान शिकवतो. शिक्षण परिषदेत दर वेळी कुणीतरी नवीन ॲपांची यादी वाचून दाखवतं, आपण ती व्हॉट्सॲपवर पुढे ढकलतो आणि विषय तिथेच संपतो. म्हणून या धाग्यावर याद्या नकोत अशी विनंती. प्रत्येकाने स्वतः वापरलेलं एकच साधन सांगा, आणि ते वर्गात कुठे अडतं तेही सांगा.

माझं साधन प्लिकर्स. मुलांकडे काहीच लागत नाही, फोन फक्त शिक्षकाचा. प्रत्येक मुलाला कागदावर छापलेलं एक कार्ड द्यायचं. त्यावर क्यूआर कोडसारखी काळी आकृती असते आणि चार कडांना बारीक अक्षरात ए, बी, सी, डी. ज्याला बी उत्तर वाटतं त्याने बी असलेली कड वर धरायची. आपण फोनचा कॅमेरा वर्गावरून सावकाश फिरवायचा, की कुणी काय उत्तर दिलं ते स्क्रीनवर दिसतं. अक्षर इतकं बारीक असतं की शेजारच्याला ते वाचता येत नाही, आणि प्रत्येकाची आकृती वेगळी असल्याने कार्ड कसं धरलंय ते बघूनही कॉपी करता येत नाही. आमच्या वर्गात हे फार महत्त्वाचं आहे, कारण एरवी हात वर करा म्हटलं की सगळे आधी पहिल्या बाकाकडे बघतात आणि मग हात वर जातात.

परवा दशांश अपूर्णांकांवर प्रश्न टाकला. ०.३, ०.२५, ०.१२५ आणि ०.०९ यांत सर्वांत मोठी संख्या कोणती? निम्म्याहून जास्त वर्ग ०.१२५ वर. एकशे पंचवीस म्हणजे मोठाच, असा साधा हिशोब. ही मुलं वहीत दशांशाची बेरीज व्यवस्थित करतात, म्हणून मला वाटत होतं की धडा झाला. फोनवरचा तो आलेख बघितला आणि पुढचा तास तिथेच थांबलो. पैसे काढले, मोजपट्टी काढली, दशमानाचे चौकोन काढले.

अडचणी: फोनला नेट लागतं. प्रश्न टीव्हीवर दाखवायचा तर तिकडेही लागतं, पण आमचा टीव्ही बहुतेक वेळा झाकलेलाच असतो, म्हणून मी प्रश्न सरळ फळ्यावर लिहितो. आणि कार्ड चकचकीत लॅमिनेट करू नका, ट्यूबलाइटची चमक पडली की कॅमेरा वाचत नाही. जाड कागदावर छापलेली बरी.

पाटीपेन्सिल

वाचतेय. पहिली-दुसरीला काय वापरता येईल तेही लिहा कुणीतरी.

निवृत्त_मास्तर

लेख आवडला, पण एक विचारतो. हेच काम आम्ही बोटांनी करायचो. डोळे मिटा, उत्तर पहिलं वाटत असेल तर एक बोट छातीशी धरा, दुसरं असेल तर दोन. कागद नको, नेट नको. मग हे कार्ड आणि कॅमेरा कशाला?

दुसरं. ही साधनं टिकत नाहीत. फ्लॅशवर चालणारे शेकडो शैक्षणिक खेळ होते, २०२० संपताना फ्लॅश बंद झालं आणि सगळे गेले. गूगलचा जॅमबोर्ड नावाचा फळा होता, करोनाच्या काळात शिक्षकांनी त्यावर किती पाठ तयार केले, तो २०२४ च्या शेवटी बंद. बोटं कुणी बंद करत नाही.

खडूची_धूळ

सर, बोटांची पद्धत मीही वापरतो, विशेषतः नेट गेल्यावर. फरक एवढाच की बोटं खाली गेली की माहिती गेली. चाळीस जणांत कोणत्या नऊ-दहा जणांनी तीन बोटं धरली होती हे मला संध्याकाळी आठवत नाही. इथे ते नावानिशी राहतं, आणि त्या मुलांना दुसऱ्या दिवशी परिपाठानंतर बाजूला घेऊन बसता येतं. टिकण्याबद्दल तुमचं खरं आहे. म्हणून प्रश्न मी वहीत लिहून ठेवतो. ॲप गेलं तर जाऊ दे, प्रश्न माझ्याकडे आहेत.

उत्तरपत्रिका

मी अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला शिकवते, तिथे सगळ्यांकडे फोन असतो, किंबहुना तोच प्रॉब्लेम असतो. आमच्याकडे कहूट हा प्रश्नमंजूषेचा खेळ चालतो. नॉर्वेतलं आहे, २०१३ पासून सगळ्यांसाठी खुलं झालं. मोठ्या पडद्यावर प्रश्न, फोनवर फक्त लाल त्रिकोण, निळा पतंग, पिवळं वर्तुळ, हिरवा चौकोन. ते संगीत सुरू झालं की मागच्या बाकावरचा झोपलेला मुलगासुद्धा जागा होतो, हे मान्य करायलाच हवं.

पण त्यात वेगाला गुण आहेत. बरोबर उत्तर लगेच दिलं तर जवळपास हजार, उशिरा दिलं तर त्याच्या निम्म्याच्या आसपास. परिणाम काय होतो? मुलं प्रश्न वाचत नाहीत, पर्याय हुंगतात. टॉर्कच्या प्रश्नाला पाच सेकंदांत उत्तर म्हणजे अंदाजच. म्हणून मी दोन गोष्टी करते. वेळ जास्तीत जास्त म्हणजे चार मिनिटांवर ठेवते, आणि ज्या प्रश्नावर विचार हवा त्याचे गुण काढून टाकते. तशी सोय आहे.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे एकच प्रश्न दोनदा विचारते. हार्वर्डचे एरिक माझूर यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला भौतिकशास्त्राच्या वर्गात ही पद्धत रुजवली. आधी प्रत्येकाने एकट्याने उत्तर द्यायचं. साधारण तीस ते सत्तर टक्के बरोबर आले असतील, तर उत्तर न सांगता मुलांना शेजाऱ्याशी वाद घालायला सांगायचं आणि मग पुन्हा मत घ्यायचं. त्यापेक्षा कमी आले तर पुन्हा शिकवायचं, जास्त आले तर पुढे जायचं. मला कहूटमधला सगळ्यात उपयोगी भाग हाच वाटतो, आणि तो कहूटचा नाहीच. त्या दोन मिनिटांत वर्गात जो गोंगाट होतो तो ऐकण्यासारखा असतो. मुलं एकमेकांना मराठीत समजावतात, मी इंग्रजीत जे पंचेचाळीस मिनिटं सांगितलं ते.

निवृत्त_मास्तर

मॅडम, हे पटलं. खडूची_धूळ, तुमच्या दशांशाच्या प्रश्नाबद्दल एक सांगू का? तुमच्या पर्यायांत ०.३ हे उत्तर दोन प्रकारची मुलं देतील. एक, ज्याला खरंच समजलंय. दुसरा, ज्याच्या डोक्यात उलटा नियम बसलाय की दशांशचिन्हानंतर जितके अंक कमी तितकी संख्या मोठी. सातवीत अशी मुलं असतात, त्यांना दशांश म्हणजे शतांशापेक्षा मोठा एवढंच आठवतं. तुमच्या आलेखात ती बरोबरवाल्यांत लपून बसली.

याऐवजी ०.४, ०.४५, ०.४०५ आणि ०.०९ ठेवा. लांब ती मोठी मानणारा ०.४०५ घेईल. आखूड ती मोठी मानणारा ०.४ घेईल. नुसता सुटा अंक बघणारा ०.०९ घेईल. ज्याला स्थानिक किंमत कळलीय तोच ०.४५ वर येईल. प्रत्येक चुकीच्या नियमाला स्वतःचा पर्याय पाहिजे, नाहीतर कॅमेरा कितीही चांगला असला तरी त्याला दिसणार काय?

खडूची_धूळ

सर _/\_. प्रश्न वहीत उतरवून घेतला. सोमवारी टाकतो.

टंकनदोष

मी शिक्षक नाही, सॉफ्टवेअरवाला आहे, पण बहिणीच्या शाळेसाठी असले खेळ बनवून देतो. मराठीत करायला गेलात की एका ठिकाणी हमखास अडकाल, म्हणून आधीच लिहून ठेवतो.

शब्दशोध, शब्दकोडं, अक्षरं जुळवा, फाशीचा खेळ हे बनवून देणारी बरीच फुकट साधनं इंग्रजी डोळ्यासमोर ठेवून लिहिलेली आहेत. त्यांच्या लेखी संगणकात साठवलेलं एक चिन्ह म्हणजे एक अक्षर. आपल्याकडे तसं नाही. ‘मराठी’ आपल्याला तीन अक्षरांचा शब्द, पण साठवलेला असतो म, र, काना, ठ, दुसरी वेलांटी असा पाच चिन्हांत. ‘क्षत्रिय’ तर आठ चिन्हांचा होतो, त्यात दोन हलन्त. मग कोड्याच्या एका चौकोनात नुसता काना येऊन बसतो आणि मुलं विचारतात, बाई, हे काय आहे?

उपाय सोपा आहे. गूगल शीटमध्ये चौकोनांची जाळी स्वतः करा आणि एका चौकोनात एक पूर्ण अक्षर हाताने टाका: म, रा, ठी. उरलेल्या जागा भरायला बाराखडीतली अक्षरं टाका, नुसती व्यंजनं टाकली तर मुलं काना-मात्रा बघून शब्द ओळखतात, वाचावंच लागत नाही.

कहूटमध्येही हेच होतं. प्रश्नाला १२० चिन्हांची मर्यादा आहे आणि काना, मात्रा, अनुस्वार सगळे त्यात मोजले जातात. इंग्रजीत आरामात बसणारा प्रश्न मराठीत बसत नाही. यावर तोडगा म्हणजे प्रश्नाचं चित्र करून लावा. फळ्यावर लिहून फोटो काढला तरी चालतो.

पाटीपेन्सिल

अरेच्चा! म्हणजे ते आमचंच चुकत नव्हतं तर. गेल्या वर्षी मराठी भाषा गौरव दिनाला कोडं करायला घेतलं होतं आणि शेवटी पट्टीने आखून दिलं.

रविवारची_शाळा

मी न्यू जर्सीत रविवारी मराठी शाळेत शिकवते. इथली अडचण तुमच्यापेक्षा उलटी, मुलांकडे साधनं भरपूर पण भाषा कमी. घरी आजी-आजोबांशी बोलतात, समजतं सगळं, पण ळ आणि ण तोंडात बसत नाहीत.

यासाठी आम्ही फोनचं बोलून टाइप करणं वापरतो. गूगलच्या कीबोर्डला २०१७ पासून मराठी ऐकू येतं. खेळ असा: मुलाला चिठ्ठी मिळते, त्यावर ‘वेळ’ किंवा ‘वेल’, ‘काळ’ किंवा ‘काल’ यांतला एक शब्द. त्याने तो फोनला सांगायचा आणि फोनने तोच लिहिला तर गुण त्याच्या गटाला. मी ‘पुन्हा म्हण’ म्हटलं की पोरं कंटाळतात. फोनने ‘वेल’ लिहिलं की स्वतःच चारदा म्हणून बघतात, जीभ वळवतात, एकमेकांना शिकवतात. ‘फोनला मराठी येत नाही’ असंही म्हणतात अर्थात :)

कुठे अडतं: शब्द सुटा द्यावा लागतो. पूर्ण वाक्य म्हटलं की फोन संदर्भावरून स्वतःच सुधारून घेतो आणि मुलाचा उच्चार कसा होता ते कळत नाही. आणि फोन दर वेळी न्याय करतोच असं नाही, कधी चांगला म्हटलेला शब्दही चुकीचा लिहितो. तेव्हा पंच मी.

दोन_पोरांचा_बाप

पालक म्हणून लिहितो. शिक्षकांनो, हौस कौतुकाची आहे, पण आमच्या मुलीच्या शाळेत मध्यंतरी प्रत्येक मुलाचं खातं काढायला सांगितलं. पूर्ण नाव, जन्मतारीख, आईचा मोबाइल नंबर. कशासाठी? तर आठवड्यातून एकदा प्रश्नमंजूषा खेळायला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळलेली संमती घेण्याची तरतूद आहे. नुसता ग्रुपवर मेसेज टाकला म्हणजे संमती झाली का?

खडूची_धूळ

रास्त मुद्दा. प्लिकर्समध्ये मुलाला खातंच लागत नाही, आणि मी तिथे नावांऐवजी हजेरी क्रमांक टाकलेत. कोणता क्रमांक कुणाचा ते फक्त हजेरीपटात. कहूटमध्येही मुलं नुसता पिन टाकून टोपणनावाने येऊ शकतात. माझा साधा नियम आहे, जे साधन मुलाचं नाव मागतं ते माझ्या वर्गात येत नाही.

उत्तरपत्रिका

टोपणनावाची दुसरी बाजू पण सांगते. एकदा मोकळं सोडलं की काय काय नावं येतात ते इथे लिहिता येणार नाही. रोल नंबरच बरा.

ओहमचा_शिष्य

दहावीला विज्ञान शिकवतो. माझं साधन फेट, म्हणजे पडद्यावर करून बघायचे विज्ञानाचे प्रयोग. कोलोरॅडो विद्यापीठात कार्ल वायमन यांनी २००२ मध्ये सुरू केलं, त्याच्या आदल्याच वर्षी त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं होतं. फुकट आहे, जाहिराती नाहीत, खातं काढावं लागत नाही. बरेचसे प्रयोग मराठीत भाषांतरित झालेत आणि नवे एचटीएमएलवाले, म्हणजे ब्राउझरमध्ये उघडणारे, उतरवून घेतले की नेटशिवायही चालतात. पेन ड्राइव्हवर घ्या आणि विसरा.

विद्युत परिपथाचा प्रयोग उघडायचा. बॅटरी, एक दिवा, तारा. दिवा लागला. आता विचारायचं, याच्याच मागे एकसर जोडणीत दुसरा सारखाच दिवा लावला तर काय होईल? पर्याय: दोन्ही पहिल्याइतकेच तेजस्वी, दोन्ही मंद, पहिला तेजस्वी दुसरा मंद. तिसऱ्या पर्यायावर भरपूर मुलं असतात. त्यांना वाटतं की पहिला दिवा वीज खाऊन टाकतो आणि उरलेली दुसऱ्याला मिळते. उत्तर वहीत लिहून झाल्याशिवाय मी माउसला हात लावत नाही. आधी दाखवलं तर सगळे म्हणतात, हो सर, मला माहीतच होतं.

प्रयोगशाळेत खरे दिवेही आहेत आमच्याकडे, पण दोन खरे दिवे कधीच तंतोतंत सारखे नसतात, एक थोडा जास्त लागतो, आणि तिसरा पर्याय निवडलेली मुलं जिंकल्याच्या आनंदात नाचतात. म्हणून आधी पडद्यावर, मग टेबलावर. उलट क्रम करून बघा, फजिती होते.

निवृत्त_मास्तर

हे मात्र बोटांनी होणार नाही. मान्य.

डोंगरपलीकडे

तुम्ही सगळे एका वर्गाला एक शिक्षक धरून बोलताय. आमची द्विशिक्षकी शाळा, पहिली ते चौथी. मी तिसरी-चौथीला शिकवत असताना पहिली-दुसरीतलं कुणीतरी माझ्याच खोलीत बसलेलं असतं, कारण सहकारी मीटिंगला किंवा सर्वेक्षणाला. रेंज फक्त शाळेच्या मागच्या टेकाडावर. मला मुलांनी काय उत्तर दिलं याचा आलेख नकोय. मला वीस मिनिटं ती मुलं आपापली कशात तरी रमायला हवीत, आणि ते निरर्थक नको.

ग्रामपंचायतीने दिलेल्या लॅपटॉपवर जीकॉम्प्रिस टाकलंय. फुकट, खुल्या स्रोताचं, दोन ते दहा वर्षांच्या मुलांसाठी शंभरावर छोटे खेळ, एकदा टाकलं की नेट लागत नाही. माउस हलवणं, आकार जुळवणं, तराजूत वजनं टाकून समतोल साधणं, घड्याळ लावणं. खूपसे खेळ चित्रांवर चालतात, वाचायची गरज नाही. @पाटीपेन्सिल, तुमच्या पहिली-दुसरीला हे बघा. तराजूचा खेळ आमच्याकडे सगळ्यात जास्त चालतो. त्यात पोरं बेरीजच करतात, पण गणित करतोय असं त्यांना वाटत नाही, आणि मीही सांगत नाही.

एका लॅपटॉपवर तिघं बसवतो. एक चालवणार, एक सांगणार, एक बघणार, घंटा वाजली की बदली. एकट्याला दिलं तर पटापट क्लिक करत सुटतो, तिघं असले की आधी भांडतात, मग विचार करतात.

पाटीपेन्सिल

आभार. आजच उतरवून घेते.

दोन_पोरांचा_बाप

अजून एक शंका, भांडण म्हणून नाही. कहूटसारख्या खेळांत कोण पुढे, कोण मागे ही क्रमवारी दर प्रश्नानंतर पडद्यावर लावायची गरज असते का? माझा धाकटा हळू आहे. उत्तरं येतात, पण वेळ लागतो. घरी येऊन म्हणाला, आज पण शेवटून दुसरा आलो. हे तो गणिताबद्दल सांगत नव्हता.

उत्तरपत्रिका

मी शिकवते त्या वयाच्या मुलांना चुरस आवडते, ते स्वतः मागतात. पण शाळेत मी ती लावली नसती. गटाने खेळवता येतं, बाकावरचे तिघं मिळून एक फोन, एक उत्तर. क्विझिझ म्हणून बंगळुरूचं साधन होतं, २०२५ पासून त्याचं नाव वेग्राउंड झालंय, त्यात प्रत्येक मूल आपापल्या गतीने प्रश्न सोडवू शकतं. कार्डांचा कागदी प्रकार त्यांनीही आणलाय.

ओहमचा_शिष्य

माझं मत वेगळं. क्रिकेटमध्ये हरलेलं चालतं मग इथे का नको? थोडी हार-जीत शिकली पाहिजे.

दोन_पोरांचा_बाप

क्रिकेट तो मनाने खेळायला जातो हो सर. तासाला बसावंच लागतं.

खडूची_धूळ

मी क्रमवारी दाखवत नाही. वर्गाचा आलेखही उत्तर सांगण्याआधी दाखवत नाही, कारण सगळ्यात उंच खांब दिसला की उरलेली मुलं तिकडे पळतात. खेळ खेळ म्हणून राहतो तो कार्ड फिरवण्यात आणि आपला नंबर फोनने टिपला का ते बघण्यात. तेवढी गंमत पुरते.

अवांतर वाटेल, पण अशा छोट्या प्रश्नांना परीक्षा म्हणून नाक मुरडणाऱ्यांसाठी: रोडिगर आणि कार्पिक यांचा २००६ चा अभ्यास आहे. उतारा पुन्हा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनी पुढे होते, पण आठवड्याने आठवून लिहायचा सराव केलेले पुढे गेले. म्हणून मी आजच्या धड्यावर प्रश्न विचारत नाही, गेल्या आठवड्याच्या विचारतो. मुलं वैतागतात.

निवृत्त_मास्तर

मग हा घ्या, गेल्या आठवड्याचा नव्हे, गेल्या वर्षीचा चालेल. भूगोलाचा आहे पण विज्ञानातही बसतो.

महाराष्ट्रात मे महिन्यात उन्हाळा का असतो?
ए) तेव्हा पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते.
बी) तेव्हा सूर्य जास्त तापलेला असतो.
सी) पृथ्वीचा आस कललेला असल्याने तेव्हा उत्तर गोलार्धात सूर्यकिरण अधिक लंबरूप पडतात आणि दिवसही मोठा असतो.
डी) तेव्हा पृथ्वी हळू फिरते.

ए वर गर्दी होईल, मोठ्यांचीसुद्धा. खरं तर पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ जानेवारीच्या सुरुवातीला असते, सुमारे १४.७ कोटी किलोमीटर, आणि जुलैच्या सुरुवातीला सर्वांत लांब, १५.२ कोटींच्या आसपास. ए म्हणणाऱ्याला विचारा, मग डिसेंबरात ऑस्ट्रेलियात उन्हाळा कसा?

उत्तरपत्रिका

सर, त्या शेवटच्या प्रश्नावर एखादा हुशार मुलगा म्हणेल, बरोबर आहे की, डिसेंबर-जानेवारीत पृथ्वी जवळ असते म्हणून तिकडे उन्हाळा. त्यालाच पुढे विचारावं लागेल की त्याच वेळी आपल्याकडे थंडी का.

टंकनदोष

आणि सी पर्याय इतरांच्या तिप्पट लांब आहे. सातवीची पोरं प्रश्न न वाचता सी कड वर धरतील. सगळ्यात लांब पर्याय बरोबर असतो हे त्यांना तिसरीपासून पाठ असतं.

निवृत्त_मास्तर

हाहा, पकडलंत. सी) पृथ्वीचा आस कललेला असतो. बाकी तोंडी विचारा.

खडूची_धूळ

डी पण बदलू का? ‘हळू फिरते’ कुणीच निवडणार नाही, तो पर्याय फुकट जातोय. ‘तेव्हा आकाशात ढग नसतात’ ठेवला तर? मेमध्ये कोरडं असतं, आमच्याकडे बऱ्याच जणांना ते कारण वाटेल.

निवृत्त_मास्तर

ठेवा. आणि सोमवारी दोन्ही प्रश्नांचे आकडे इथे टाका, दशांशाचे आधी.